खुल्या लहरी, बंद आराखडे

हौशी रेडिओचा परवाना घेणाऱ्याला सुरुवातीलाच एक गोष्ट शिकवली जाते: हवेत जे बोलायचं ते उघड बोलायचं. ऐकणारा कुठल्याही देशातला असो, त्याला ते समजलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतलं पंचविसावं कलम हेच सांगतं. निरनिराळ्या देशांतल्या हौशी केंद्रांनी एकमेकांशी बोलताना अर्थ दडवण्यासाठी संदेश कूटबद्ध करायचे नाहीत. अपवाद ठेवलाय तो जमिनीवरून हौशी उपग्रहाला धाडल्या जाणाऱ्या आज्ञांचा, कारण त्या उघड ठेवल्या तर कुणीही उठून उपग्रह बंद पाडू शकेल.

आता दुसरा नियम पाहा. मार्च १९९९ पासून पुढची पंधराएक वर्षं अमेरिकेत उपग्रह म्हटला की तो शस्त्रसामग्रीच्या यादीत जाई. तो लष्कराचा आहे की कॉलेजातल्या पोरांचा, टनभर वजनाचा आहे की किलोभर, याने फरक पडत नसे. त्याचा तपशीलवार आराखडा परदेशी माणसाला दाखवणं ही शस्त्राची निर्यात ठरे आणि त्यासाठी परराष्ट्र खात्याचा परवाना लागे. हा कायदा जाणूनबुजून मोडणाऱ्याला आजच्या घडीला दर गुन्ह्यामागे वीस वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

एक नियम म्हणतो, काही लपवू नका. दुसरा म्हणतो, काही दाखवू नका. या कात्रीत सापडलेल्या माणसांची हकीकत म्हणजे हे पुस्तक. त्यातून मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. निर्यात नियंत्रणाने हौशी उपग्रहांचं जे नुकसान केलं ते प्रत्यक्ष बंदीमुळे कमी आणि धास्तीमुळे जास्त झालं. आणि त्यातून जी वाट निघाली ती नियम सैल झाल्यामुळे जेवढी निघाली, त्याहून अधिक हौशी मंडळींच्या जुन्या सवयीमुळे निघाली. ती सवय म्हणजे सगळं चारचौघांत करण्याची.

ही सवय किती जुनी आहे ते पाहायला १९६१ सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी १२ डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या व्हँडनबर्ग तळावरून एक लष्करी उपग्रह वर गेला. त्याच अग्निबाणावर जेमतेम साडेचार किलोचा एक डबा होता: ऑस्कर-१. तिथल्या काही हौशी रेडिओवाल्यांनी तो घरच्या गॅरेजात आणि तळघरात बसून जुळवला होता. अग्निबाणापासून त्याला अलग ढकलणारी स्प्रिंग सीअर्सच्या दुकानातून १ डॉलर १५ सेंटला आणलेली. वर गेल्यावर तो मोर्सच्या कडकट्टात ‘हाय’ एवढंच म्हणत राहिला, तेही सुमारे १४० मिलिवॉट ताकदीवर. त्या ‘हाय’ची गती उपग्रहाच्या आतल्या तापमानाप्रमाणे कमीजास्त होई, म्हणजे ज्याच्याकडे घड्याळ आणि कान होते त्याला अवकाशातलं तापमान मोजता येई. २२ दिवसांत २८ देशांतल्या ५७० हून अधिक हौशींनी आपापल्या नोंदी पाठवल्या. शीतयुद्ध ऐन भरात होतं, वाहून नेणारा अग्निबाण लष्कराचा होता, तरी त्या डब्यात काय आहे हे कुणापासून दडवावं असं कुणाला वाटलं नाही.

१९६९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ॲमसॅट ही संस्था निघाली. तिने जानेवारी १९७० मध्ये वर पोचवलेला पहिला उपग्रह, ऑस्कर-५, मेलबर्न विद्यापीठातल्या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्यांनी बनवला होता. नोव्हेंबर १९७४ मध्ये गेलेल्या एओ-७ मध्ये अमेरिकन, जर्मन, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन हातांचं काम होतं. त्याची बॅटरी १९८१ मध्ये शॉर्ट होऊन तो मेला. २००२ मध्ये तोच बिघाड आपोआप सुटला आणि उन्हात असेल तेवढा वेळ तो पुन्हा बोलू लागला. रशियन हौशीही मागे नव्हते. १९७८ मध्ये त्यांचे पहिले दोन आरएस उपग्रह गेले आणि पश्चिमेकडच्या हौशींनी ते आनंदाने वापरले. उपग्रह एका देशात जन्मतो, दुसऱ्या देशातल्या अग्निबाणावर चढतो आणि तिसऱ्या देशातल्या गच्चीवरून ऐकला जातो, हेच या छंदाचं नेहमीचं चलन होतं.

या चलनाचा कळस म्हणजे फेज थ्री-डी, पुढे ज्याचं नाव एओ-४० पडलं. सहाशे किलोंच्या घरातला हा उपग्रह जर्मन नेतृत्वाखाली, अनेक देशांतल्या हौशींच्या हिश्शांतून उभा राहिला आणि त्याची जुळणी फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत झाली. १६ नोव्हेंबर २००० ला फ्रेंच गयानातून एरियन-५ वर तो गेला. महिनाभरात इंजिनाशी संबंधित अपघाताने तो जखमी झाला आणि जानेवारी २००४ मध्ये कायमचा गप्प झाला. त्यानंतर त्या तोलाचा, लांब पल्ल्याच्या लंबवर्तुळाकार कक्षेतला हौशी उपग्रह झालेला नाही. प्रक्षेपणाचा आवाक्याबाहेर गेलेला खर्च हे त्याचं मोठं कारण. पण जर्मनांनी फ्लोरिडात येऊन अमेरिकनांच्या मांडीला मांडी लावून उपग्रह जुळवावा, हेच मधल्या काळात कायद्याच्या दृष्टीने अवघड होऊन बसलं होतं.

याची ठिणगी हौशी रेडिओपासून फार दूर पडली. १५ फेब्रुवारी १९९६ ला चीनच्या शिचांग तळावरून निघालेला लाँग मार्च अग्निबाण काही सेकंदांत कोसळला. त्यावर लोरल कंपनीने बनवलेला इंटेलसॅट-७०८ उपग्रह होता. अपघात का झाला याची चौकशी करताना अमेरिकन तज्ज्ञांनी चिनी अभियंत्यांना जे सांगितलं, त्यातून चीनची क्षेपणास्त्रं सुधारली, असा आरोप झाला. ह्यूज कंपनीच्या आधीच्या अपघातांबाबतही तेच. अमेरिकन काँग्रेसची चौकशी समिती बसली. व्यापारी दळणवळण उपग्रह थोड्याच वर्षांपूर्वी वाणिज्य खात्याकडे सोपवले होते, ते काँग्रेसने १९९८ च्या कायद्याने परत परराष्ट्र खात्याच्या शस्त्रयादीत टाकले आणि १५ मार्च १९९९ पासून त्याचा अंमल सुरू झाला. पुढे लोरलने १.४ कोटी आणि ह्यूजच्या वारसदार कंपन्यांनी ३.२ कोटी डॉलर भरून प्रकरणं मिटवली. त्यांना ते परवडलं. हौशींच्या संस्थेकडे मात्र ना वकील होते ना दंड भरायला तिजोरी.

या कायद्याचा खरा जाच समजून घ्यायचा तर तो वस्तूंपेक्षा माहितीला कसा लागू होतो ते पाहायला हवं. कायद्याच्या लेखी निर्यात घडण्यासाठी बंदरातून खोका निघावा लागत नाही. अमेरिकेतल्याच एका खोलीत, अमेरिकन नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्या माणसासमोर फळ्यावर आकृती काढली तरी निर्यात झाली. पुण्याहून किंवा नाशिकहून एम.एस. करायला तिकडे गेलेल्या विद्यार्थ्याचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाची, म्हणजे एफसीसीची, हौशी परीक्षा त्याला देता येते, कारण तिथे नागरिकत्वाची अट नाही. तो परवाना काढेल, अँटेना हातात धरून उपग्रहावरून बोलेल. पण त्याच उपग्रहाच्या पुढच्या आवृत्तीच्या बैठकीत, कागद शस्त्रयादीतले असतील तर, त्याला बसता येणार नाही. नोकरीच्या व्हिसावर असलेल्या अभियंत्याचीही तीच गत.

विद्यापीठांतल्या मूलभूत संशोधनाला काही सवलती होत्या आणि २००२ मध्ये त्या थोड्या वाढल्या. पण हौशींची संस्था म्हणजे विद्यापीठ नव्हे. शिवाय सवलतीच्या भरवशावर किती विसंबावं हा प्रश्न होताच. २००८ मध्ये टेनेसी विद्यापीठातल्या एका निवृत्त प्राध्यापकांना, हवाई दलाच्या प्रकल्पातली माहिती चिनी आणि इराणी विद्यार्थ्यांपर्यंत पोचू दिल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं आणि पुढच्या वर्षी चार वर्षांची शिक्षा झाली. ते काम ड्रोनचं होतं, हौशी उपग्रहांशी त्याचा संबंध नव्हता. पण बातमी वाचणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाने स्वतःला विचारलं असणार: संध्याकाळच्या फावल्या वेळात, फुकटात करायच्या कामासाठी मी हा धोका का पत्करू?

मी धास्ती म्हणतो ती ही. कायद्याने जे मना केलं होतं त्याच्या बऱ्याच अलीकडे माणसं थांबली. ईमेलच्या याद्या बंद झाल्या, परदेशी मित्रांना आराखडे पाठवणं थांबलं, नव्या सभासदाला आधी पासपोर्ट विचारावा की काय अशी वेळ आली. कायद्याचा अर्थ लावणं किती हास्यास्पद टोकाला जाऊ शकतं याचा एक किस्सा अवकाश उद्योगात आजही सांगितला जातो. बिगेलो या अमेरिकन कंपनीने आपलं प्रायोगिक अवकाशयान रशियन अग्निबाणावर चढवण्यासाठी नेलं. यानासोबत ॲल्युमिनियमचं एक साधं स्टँड होतं, उलटं केलं तर चहाचं टेबल म्हणून खपून जाईल असं. पण ते उपग्रहाच्या जुळणीचा भाग होतं, म्हणून त्याच्यावरही पहारेकरी बसवावे लागले.

इथे दुसरी बाजू नीट मांडली नाही तर हे पुस्तक रडगाणं होईल. निर्यात नियंत्रण हा निव्वळ बाबूंचा खेळ नाही. उपग्रह वर नेणारा अग्निबाण आणि क्षेपणास्त्र यांचं घराणं एकच. एओ-४० वर जर्मनीत बनलेलं ४०० न्यूटन ताकदीचं खरं रॉकेट इंजिन होतं. त्याला खेळणं म्हणणं बरोबर नाही. किरणोत्साराला दाद न देणाऱ्या चिप, उपग्रहाचं तोंड अचूक वळवणारी चाकं, या वस्तू कुणाच्या हाती जातात याची काळजी सरकारांनी घ्यावी हे रास्तच आहे. जीपीएस रिसीव्हरचं उदाहरण बोलकं आहे. शीतयुद्धातल्या कोकॉम या निर्यात समितीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मर्यादेमुळे बाजारातले बहुतेक रिसीव्हर १८ किलोमीटरपेक्षा वर किंवा सेकंदाला सुमारे ५१५ मीटरपेक्षा वेगाने जाऊ लागले की आपली जागा सांगणं थांबवतात. कोकॉम १९९४ मध्ये बरखास्त झाली, मर्यादा तशीच राहिली. कुणी घरबसल्या क्षेपणास्त्र बनवू नये हा हेतू. पण पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरने धावतो, आणि विद्यार्थ्यांचा फुगाही ३० किलोमीटरवर सहज पोचतो. त्यामुळे मुलांना आधी रिसीव्हरच्या माहितीपत्रकातली बारीक अक्षरं वाचायला शिकावं लागतं. तक्रार नियंत्रण असण्याबद्दल नाही. कॉलेजातला ट्रान्स्पाँडर, म्हणजे आलेला संदेश परत खाली धाडणारं यंत्र, आणि लष्करी टेहळणी उपग्रह यांना एकाच तागडीत टाकण्याबद्दल आहे.

भारतीय वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर इस्रोच्या अनेक शाखा अमेरिकेच्या निर्बंध यादीत गेल्या आणि त्यांतल्या शेवटच्या काही नावांना वगळायला जानेवारी २०११ उजाडलं. त्याच मधल्या काळात, ५ मे २००५ ला, श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ वर कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट गेला. साडेबेचाळीस किलोंच्या त्या उपग्रहात दोन ट्रान्स्पाँडर होते, एक भारतीय बनावटीचा आणि एक नेदरलँड्समधल्या एका तरुण हौशीने बनवलेला. दोन वर्षांच्या अपेक्षेने गेलेला हॅमसॅट जुलै २०१४ पर्यंत चालला आणि जगभरच्या हौशींनी तो आपलाच समजून वापरला. अमेरिकन हौशी परदेशी मित्रांशी आराखड्यावर बोलायला कचरत होते त्या वर्षांत भारताने डच माणसाच्या हातचं यंत्र आपल्या उपग्रहात बसवून सगळ्यांना मोकळं करून दिलं, ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जावी तेवढी सांगितली गेलेली नाही.

महाराष्ट्राचं खातंही रिकामं नाही. पुण्याच्या सीओईपीतल्या विद्यार्थ्यांचा किलोभराहून हलका ‘स्वयम्’ २२ जून २०१६ ला गेला. दिशा राखण्यासाठी त्यात वीज खाणारं काही नव्हतं, चुंबकाच्या जोरावर तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेई. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला, आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांची गणना करण्यासाठी. आणि १२ जानेवारी २०१८ ला पीएसएलव्ही-सी४० वर जे पाहुणे होते त्यांत अमेरिकन ॲमसॅटचा फॉक्स-१डी, म्हणजेच एओ-९२, होता. अमेरिकन उपग्रह भारतीय अग्निबाणावर चढायला दोन्ही देशांत २००९ मध्ये तंत्रज्ञान-सुरक्षेचा करार व्हावा लागला होता. किलोभराच्या डब्याच्या प्रवासामागे असे करारमदार असतात.

पण एवढ्यावरून आपण केवळ सोसणारे आहोत असं समजू नये. भारत जून २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटात, तर डिसेंबर २०१७ मध्ये निर्यात नियंत्रणाच्या वासेनार व्यवस्थेत सामील झाला. आपली स्वतःची यादी आहे, तिचं नाव स्कोमेट. विदेश व्यापार महासंचालनालय ती चालवतं. तिच्या पाचव्या वर्गात अवकाश व विमान तंत्रज्ञान येतं, आणि २०१७ मध्ये जोडलेल्या आठव्या वर्गात इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार, दिशादर्शन असं बरंच काही. ती यादी वस्तूंइतकीच सॉफ्टवेअरला आणि तंत्रज्ञानालाही लागू आहे. म्हणजे कोल्हापूरच्या किंवा फर्मागुढीच्या वसतिगृहात बसून परदेशी मित्राला उपग्रहाच्या दिशा-नियंत्रणाचा अप्रकाशित कोड पाठवणारा विद्यार्थी कुठल्या नियमाच्या हद्दीत आहे, हे त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी माहीत करून घ्यायलाच हवं. बाहेरून चिप मागवताना ‘अंतिम वापर कोण करणार’ या दाखल्यावर सही करायची वेळ आली की मुलं गोंधळतात. त्या सहीत काय कबूल केलं जातं, हे या पुस्तकात सविस्तर आलं आहे.

आता वाटेकडे. अमेरिकेतली पहिली सुटका नोव्हेंबर २०१४ मध्ये झाली. बहुतेक व्यापारी व वैज्ञानिक उपग्रह शस्त्रयादीतून निघून वाणिज्य खात्याच्या यादीत आले. नियम राहिले, पण तागडी बदलली. दुसरी सुटका हौशींनी स्वतः कमावली. शस्त्रनिर्यात नियमांत आणि वाणिज्य खात्याच्या नियमांतही एक तरतूद पूर्वीपासून होती: जी माहिती प्रसिद्ध झाली आहे, जी कुणालाही मिळू शकते, तिला हे नियम लागू होत नाहीत. ओपन रिसर्च इन्स्टिट्यूट या हौशींच्या संस्थेने हौशी उपग्रह आणि जमिनीवरील वापरासाठीच्या डिजिटल मायक्रोवेव्ह दळणवळणाचं आपलं खुलं काम परराष्ट्र खात्यापुढे ठेवलं आणि रीतसर निर्णय मागितला. ऑगस्ट २०२० मध्ये उत्तर आलं की हे शस्त्रनियमांच्या कक्षेत येत नाही. पाठोपाठ २०२१ मध्ये वाणिज्य खात्याकडूनही अनुकूल मत मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये, प्रमाणित कूटलेखनाचा उघड केलेला सोर्स कोड टाकताना सरकारला ईमेलने कळवण्याची अटही गेली. उपग्रहाला द्यायच्या आज्ञा सुरक्षित ठेवणाऱ्यांचं एक काम त्यामुळे कमी झालं.

या निर्णयाने नवा कायदा केला नाही. संस्थेने फक्त जुन्या तरतुदीवर बोट ठेवून विचारलं की हे आम्हाला लागू आहे का. वीस वर्षं धास्तीत गेली, कारण हा प्रश्न लेखी विचारायचं कुणाच्या फारसं मनात आलं नव्हतं, आणि विचारायचा तर वकिलांची मदत लागे.

मात्र या वाटेच्या अटी कडक आहेत. आराखडा खरोखर प्रसिद्ध असावा लागतो. काम चालू असताना खाजगी ठेवून शेवटी जाहीर केलं तर मधल्या देवाणघेवाणीला ती ढाल मिळत नाही. कुठल्या कंपनीशी गुप्ततेचा करार करून मिळवलेला तपशील त्यात मिसळता येत नाही, म्हणून ही मंडळी डीव्हीबी-एस२ सारखी सगळ्यांना मोफत वाचता येणारी प्रमाणकं धरून चालतात. आणि खुलेपणाची सवलत माहितीला आहे, वस्तूला नाही. तयार उपग्रह खोक्यात घालून सीमेपार न्यायचा तर कागद लागतातच. ग्रीसमधल्या पात्रास विद्यापीठाने आणि लिब्रे स्पेस फाउंडेशनने बनवलेला, मे २०१७ मध्ये अवकाशस्थानकातून सुटलेला यूपीसॅट हा या खुल्या पद्धतीच्या कामाचा चांगला नमुना आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्लोरिडातून कतारचा एस्हैल-२ गेला. जपानी कंपनीने बनवलेल्या त्या उपग्रहात, जर्मन हौशींच्या साहाय्याने, भूस्थिर कक्षेतले पहिले हौशी ट्रान्स्पाँडर बसवलेले आहेत. क्यूओ-१०० म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या यंत्रणेचं क्षेत्र ब्राझीलपासून थायलंडपर्यंत पसरलं आहे. महाराष्ट्रातल्या हौशीला लहानशी डिश लावून दिवसरात्र तो ऐकता येतो. ज्या अमेरिकेच्या भूमीवरून तो उडाला त्या मुख्य भूमीला मात्र तो दिसत नाही. याचं कारण कक्षेतली जागा आहे, निर्यात कायदा नव्हे. पण गेल्या वीस वर्षांत हौशी उपग्रहांचा मध्यबिंदू कुठून कुठे सरकला हे त्यातून ध्यानात येतं. त्या सरकण्यात भारताला जागा आहे.

हे पुस्तक मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांसाठी आणि परवानाधारक हौशींसाठी लिहिलं आहे. पहिल्या भागात इतिहास आहे, दुसऱ्यात अमेरिकन, युरोपीय आणि भारतीय नियमांची रचना, तिसऱ्यात प्रत्यक्ष उपग्रह बनवणाऱ्या संघाने कोणत्या टप्प्यावर काय करावं याची मांडणी. घाई असेल त्याने तिसऱ्यापासून वाचायला हरकत नाही. नियम बदलत राहतात, म्हणून इथला मजकूर वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. कुणाला काय विचारायचं हे कळावं, एवढाच त्याचा उपयोग.

एक गोष्ट मात्र बदलणार नाही असं मला वाटतं. आपलं काम उघडं असणार की बंद, हे प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत ठरवा आणि लिहून ठेवा. दोन्ही मार्ग कायद्याला मान्य आहेत. बंद ठेवायचं तर परवाने काढा, कोण काय पाहतो याची वही ठेवा. उघडं ठेवायचं तर पहिल्या आकृतीपासून उघडं ठेवा, आणि शंका असेल तिथे सरकारला लेखी विचारा. अडचणीत येतात ते मधले, ज्यांनी ठरवलंच नाही. नव्या पिढीच्या संघांनी तिथे अडकू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.